वाचून झाल्यावर कव्हर

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही दोघे पडद्यावर होतात, तेव्हा ईशानने माझ्या मागच्या कपाटाकडे बघून विचारलं, "आजी, यातली सगळी वाचलीस?" मी नाही म्हटलं. मग मीराने विचारलं, की काही पुस्तकांना खाकी कागद आहे आणि काही तशीच उघडी आहेत, ते का. तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली, तुमची झोपायची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. पण हे उत्तर शिट्टी होईपर्यंत सांगून संपणारं नव्हतंच. ज्यांना ते ठाऊक होतं त्यांतली आता मी एकटी उरले आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. तुमच्या बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो भराभर वाचेल. त्याला थांबवा.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा आम्ही नारायण पेठेत सायकलच्या दुकानावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे एक अरुंद गॅलरी. आमची सकाळ पंपाच्या फसफस आवाजाने सुरू व्हायची. खाली दुकानातला पंप चाकात हवा भरायचा आणि वर माईआत्या स्टोव्हला पंप मारायची, आणि माझे बाबा अंथरुणातूनच म्हणायचे, "आधी कोण फुटतंय बघू." माईआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान लवकर गेल्यावर दिरांनी घर आणि आंब्याची बाग आपल्या नावावर करून घेतली आणि ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. ती मला आठवते तेव्हापासून स्वयंपाकघर तिचंच होतं. तिला मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी मुळीच नाही. पण कागदाची घडी, पोळीची घडी, धोतराची घडी, कशाचीही घडी तिच्या हातची असली की दोन्ही कडा अशा जुळायच्या की बघत राहावं.

माझी आई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. लेडीज सायकलवर, पदर खोचून, पुढच्या टोपलीत वह्या घेऊन ती जायची. बाहेरच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं आणि त्यात तिची पुस्तकं होती. स्वातंत्र्यानंतर लष्करातले बंगले रिकामे झाले, साहेब लोक सामान विकून बोटीत बसले आणि त्यांची पुस्तकं कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत, बुधवार पेठेतल्या फुटपाथवर वजनावर मिळू लागली. आई पगार झाला की त्यांतली एखाददोन आणायची. बाबा म्हणायचे, "साहेब गेला आणि त्याचा राहिलेला गृहपाठ तुला देऊन गेला." ते अगदी खोटं नव्हतं. कित्येक पुस्तकं साहेबानेही उघडलेली नव्हती. त्या काळी काही पुस्तकांच्या पानांच्या कडा न कापताच शिवलेल्या यायच्या. वाचणाऱ्याने सुरी घेऊन, घडी कापत कापत पुढे जायचं. त्यामुळे पुस्तक कुठपर्यंत वाचलं आहे हे लपवायची सोय नव्हती.

कपाटाच्या दाराला आतून आईने एक यादी चिकटवली होती. वाचायची पुस्तकं, ओळीने. वाचून झालं की नावापुढे बारीकशी खूण, आणि मगच त्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर. हा तिचा नियम होता आणि तो सगळ्या शाळेला माहीत होता. जूनमध्ये नव्याकोऱ्या पुस्तकांना कव्हरं घालून, चिठ्ठ्या चिकटवून मुली आल्या की आई म्हणायची, "वाचण्याआधी नटवायचं कशाला? आधी ओळख होऊ दे, मग कपडे शिवा." आमच्या कपाटाकडे बघितलं की आईचं खरं काय ते लगेच कळायचं. खाकी ती वाचलेली, उघडी ती राहिलेली. उघडीच जास्त होती. शाळा, वह्या, माझं आजारपण, पाहुणे, या सगळ्यातून रोज जी काही पानं व्हायची ती व्हायची. यादीतलं एक जाडजूड पुस्तक तर दरवर्षी नव्या यादीत उतरायचं आणि दरवर्षी आणखी खाली जायचं.

मी ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या वर्षी आईच्या मनात एकच गोष्ट होती. अकरावीचा वर्ग. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. शाळा मुलींची, शिकवणाऱ्या निम्म्या बायका, पण अकरावीचं इंग्रजी कायम पुरुषाकडे. का, ते कोणी सांगत नसे. इतकी वर्षं शिकवणारे सर निवृत्त होत होते आणि जागेसाठी दोन नावं होती. एक आईचं, दुसरं नुकत्याच लागलेल्या एका तरुण सरांचं, ज्यांना शिकवण्याचा अनुभव आईच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा समितीची बैठक ठरवणार होती. समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब वकील दोन गल्ल्या सोडून राहायचे. कोर्टात साक्षीदार त्यांना घाबरायचे आणि पेठेत भाजीवाले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आई आणि मी शाळेत सरस्वतीपूजनाला गेलो होतो. दोन दिवस माईआत्या खाकी कागद मापाने कापून ठेवत होती. आम्हाला वाटलं, फराळाच्या डब्यांत घालायला. परत आलो तर दाराला तोरण, घरात केशराचा वास, आणि कपाटातली झाडून सगळी पुस्तकं खाकी. एकसारखी. एकाही कोपऱ्याला सुरकुती नाही. पुढे रांगोळी, पाटीवर सरस्वती काढलेली, कपाटाला झेंडूची माळ आणि काचेवर हळदकुंकवाची बोटं. आत्या हात पुसत बाहेर आली. "वर्षाचा सण, आणि सरस्वती अशी अर्धी उघडी बसवायची? बरं दिसतं का ते, सुमती?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाले, "पुरीला तेल तापलंय का बघा." आमच्याकडे दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या पुस्तकाला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नसत. म्हणून आई एवढंच म्हणाली, "उद्या बघू, वन्सं."

उद्या यायच्या आधी संध्याकाळ आली आणि सोनं द्यायला अण्णासाहेब आले. टोपी, काठी, उपरणं. आपट्याची पानं हातावर ठेवून झाली, श्रीखंडाची वाटी झाली, आणि त्यांची नजर कपाटावर गेली.

"आमची नात तुमच्या वर्गात आहे," ते आईला म्हणाले. "तिनं मला सांगितलंय. वाचून झाल्याशिवाय कव्हर नाही. मी तिला म्हटलं, बाईंच्या घरी जाऊन बघितलं पाहिजे." ते उठून कपाटापाशी गेले. "वा. म्हणजे ही अख्खी विलायत पालथी घातलीत तर."

आत्या दारातून म्हणाली, "आज पुस्तकांना हात लावत नाहीत."

"न वाचलेल्या पुस्तकांना लावत नाहीत, माई. वाचलेली उष्टीच की." असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि हाताला आलेलं सगळ्यात जाड पुस्तक बाहेर काढलं. यादीत दरवर्षी खाली जाणारं तेच. त्यांनी ते मध्ये उघडायचा प्रयत्न केला. पानं कुठली उघडतात, सगळ्या कडा जोडलेल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. "बाई, बाहेरून पोशाख झकास आहे. आत मात्र अजून सुरीसुद्धा गेलेली दिसत नाही."

मला अजून ती खोली दिसते. बाबा आपट्याचं पान बोटांत चुरगाळत होते. दारात आत्याचा चेहरा उतरला होता, कारण आपण काय करून ठेवलं हे तिला तेव्हा कळलं. आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी पुरे झालं असतं. अण्णासाहेबांना लगेच कळलं असतं आणि आई सुटली असती.

"हे वाचलेलं नाही," आई म्हणाली. "यातली निम्मी वाचलेली नाहीत."

"आणि कव्हर?"

"कव्हर आमच्या घरचं आहे. पुस्तक वाचायचं राहिलंय."

"मग अकरावीला काय शिकवाल? कव्हर घालायला?"

आईने त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. "बैठक दिवाळीनंतर आहे ना? मी हेच घेऊन येईन. समितीनं यावर हवं ते विचारावं."

"दिवाळीत वाचणार एवढं? आणि चकल्या कोण करणार?"

"चकल्या मला पाठ आहेत," आई म्हणाली.

त्यांच्या मिशा हलल्या. हसले की चिडले, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाल्यावर आईने उघड्या पुस्तकांवर चढवलेली सगळी कव्हरं काढली. न फाडता, एकेक सोडवून. आत्याने ती उचलली, घड्या केल्या आणि आपल्या ट्रंकेत ठेवून दिली. त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. भांडण नव्हे. "आमटी वाढू का" आणि "पुरे" एवढंच. सकाळी स्टोव्हचा पंप तेवढा जोरात चालायचा. आत्याने एक दिवस जाहीर केलं, "यंदा फराळाला कोणी हात लावायचा नाही. मी एकटी करीन." ही तिची क्षमा मागण्याची रीत होती. आईला ते समजलं असावं, पण तीही त्याच पेठेतली. ती म्हणाली, "बरं."

आईचं वाचन सुरू झालं. पानं कापायचं काम माझ्याकडे होतं. फळं चिरायची बोथट सुरी घ्यायची, घडीत घालायची आणि कडेकडेने ओढायची, घाई केली तर कागद फाटतो. जुन्या कागदाची पांढरी भुकटी फ्रॉकवर पडायची. उद्या लागेल तेवढंच आज कापायचं आणि पुढे डोकवायचं नाही, असा नियम होता. पुस्तक कठीण निघालं. एका बंदरातली गोष्ट होती आणि माणसं तिथल्या कोळ्यांचं, हमालांचं इंग्रजी बोलायची. आई कपाळावर आठ्या घालून एकच पान दोनदोनदा वाचायची. पहिला आठवडा संपला तरी पुस्तक हलेना. बाबा म्हणाले, "मधली मधली वाच. वकिलानं तरी अख्खं कुठं वाचलं असणार?" आईने नुसतं बघितलं. बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

पुस्तकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ते फोनवर शोधाल, कोणीतरी लिहिलेला सारांश वाचाल आणि मला सांगाल, की आजी, झालं वाचून.

मग एका दुपारी माईआत्या करंज्यांचं सारण परतत होती, नारळ आणि वेलदोड्याचा वास घरभर झाला होता, आई उंबऱ्याशी बसून वाचत होती. आत्या पाठ न वळवता म्हणाली, "एवढं जाड पुस्तक. आहे तरी काय त्यात?"

आई म्हणाली, "एक विधवा बाई आहे. नवऱ्याचा दोरखंड वळायचा कारखाना होता, तो आता ती चालवते. दीर म्हणतो, तुला जमायचं नाही, मला विकून टाक."

आत्याचा झारा थांबला. "मग?"

"मग काय ते अजून वाचायचंय."

"वाच की मग. बसलीस काय?"

त्या दिवसापासून वाचनाची पद्धत बदलली. आई दिवसभराचं वाचायची आणि संध्याकाळी पोळपाटाशी बसून आत्याला मराठीत सांगायची. आत्या पारी लाटायची, मी सारण भरायचे, आई सांगता सांगता कातण फिरवायची. फराळाला हात लावायचा नाही हे सगळे विसरून गेले. नुसता अर्थ सांगून आत्याचं भागत नसे. "दोरखंड कशाचा? ताग का काथ्या?" "घर कोणाच्या नावावर होतं?" "दीर आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला का?" आईला परत पान उलटून बघावं लागे. चहा दिला होता, आणि त्या चहाच्या परिच्छेदातच सगळी मेख होती, जी आईने पहिल्यांदा वाचताना ओलांडली होती. मी नंतर आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, चांगल्या चांगल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली. पण पुस्तक वाचायचं कसं, ते मी त्या पोळपाटाशी शिकले.

चांगली किंमत येत असताना ती बाई कारखाना विकत का नाही, यावर त्या दोघींचा एक संध्याकाळभर वाद झाला. आईचं म्हणणं, नवऱ्याच्या आठवणीसाठी. आत्याने मान हलवली. "आठवणीला कारखाना कशाला लागतो? विकून पैसा येईल गं. पण सकाळी उठून करायचं काय?" आईने कातण खाली ठेवलं आणि आत्याच्या हाताला लागलेलं पीठ आपल्या पदराने पुसलं. बस, एवढंच. सकाळी आमटीबद्दल पूर्वीसारखं भांडण झालं आणि घर जाग्यावर आलं.

पण या पद्धतीत वेळ फार जात होता. दिवाळी झाली, अभ्यंगस्नानं झाली, भाऊबीज झाली. बैठकीचा दिवस उजाडला तेव्हा शेवटची घडी अजून कापलेली नव्हती. त्यात कारखान्याचा निकाल लागणार होता. बाबा सकाळीच म्हणाले, "अगं, तेवढं वाचून टाक. चहा होईपर्यंत होईल. शेवटच विचारतील ते."

आई वेणी घालत होती. "वन्संना कबूल केलंय. शेवट दोघींनी मिळून."

आत्या आतून ओरडली, "मला काही नको. तू वाच मेले, नोकरीचा प्रश्न आहे."

"उपमा करपतोय वन्सं," आई म्हणाली आणि पुस्तक सायकलच्या टोपलीत ठेवलं. तिच्या इतक्या वर्षांच्या इच्छेचा प्रश्न होता, आणि ती चहा होईपर्यंतचं वाचन मागे ठेवून निघाली. मी मागच्या कॅरिअरवर बसले.

बैठक शाळेच्या वाचनालयात होती. मला आईने बाहेर व्हरांड्यात सायकल सांभाळायला बसवलं. खिडकी उघडी होती, त्यामुळे सायकल कोणी नेली असती तरी मला कळलं नसतं. आत अण्णासाहेब होते, मुख्याध्यापिका होत्या, समितीवरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या आणि आणखी दोघे. अण्णासाहेबांनी कोर्टातल्या इंग्रजीत प्रश्न सुरू केले. आई सावकाश, स्पष्ट उत्तरं देत होती. वर्गात देते तशी. बंदरातल्या लोकांची भाषा तिने करून दाखवली तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. मग अण्णासाहेबांनी विचारलं, चांगली किंमत येत असताना ही बाई विकत का नाही? आईने आत्याचं उत्तर दिलं. इंग्रजीतही ते तेवढंच साधं होतं.

"हे मत कुठल्या टीकाकाराचं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"माझ्या नणंदेचं."

"त्यांनी हे वाचलंय?"

"त्यांनी ऐकलंय. रोज, करंज्या करताना."

अण्णासाहेब खुर्चीत पुढे सरकले. "आता शेवट. लेखकानं केलेला शेवट तुम्हाला पटतो का?"

आईने पुस्तक उचलून सगळ्यांना दाखवलं. "शेवटची घडी अजून कापलेली नाही. नणंदेबरोबर वाचायचं ठरलंय, तेव्हा शेवट मला माहीत नाही. आपण वाचलं असेल तर कृपा करून सांगू नका."

कोणीतरी खाकरलं. मग डॉक्टरीणबाई मराठीत म्हणाल्या, "बाई, तुम्ही कानांवर हात ठेवा. अण्णासाहेब, आम्हाला तरी सांगा. काय होतं हो शेवटी?"

मी खिडकीच्या गजांना नाक लावलं. अण्णासाहेब टोपी काढून टेबलावर ठेवत होते. त्यांच्या टकलाला घाम आला होता. "हे पुस्तक माझ्याकडेही आहे," ते म्हणाले. "चामड्याची बांधणी आहे. वडिलांनी घेतलेलं." मग थोडं थांबून, "त्याचीही पानं कापलेली नाहीत."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग मुख्याध्यापिका, आणि शेवटी खुद्द अण्णासाहेब. ते मोठ्याने हसलेले मी एकदाच ऐकलं, ते असं. हसू ओसरल्यावर त्यांनी टोपी परत घातली आणि म्हणाले, "अकरावीच्या वर्गासाठी बाईंचं नाव लिहून घ्या. माझ्या नातीला मी आज सांगणार आहे, की तिच्या आजोबांच्या कपाटात खोटं कव्हर आहे."

आई बाहेर आली ती शांत होती. सायकलचा स्टँड काढताना मात्र तिचा पाय दोनदा चुकला. मग लक्ष्मी रस्त्यावरून येताना तिने विनाकारण घंटी वाजवली. समोर कोणी नव्हतं. मी मागून तिची कंबर धरली होती आणि ती हसत होती ते माझ्या हातांना कळत होतं. घरी आत्या जिन्यात उभी. "झालं?" आई म्हणाली, "झालं. सुरी कुठाय?"

त्या दुपारी शेवटची घडी मी नाही, आत्याने कापली. तिच्या हाताखाली कागद असा सरळ गेला की मी तशी एकही घडी कापली नव्हती. शेवट काय झाला ते मी सांगणार नाही. आत्या "अस्सं" म्हणाली आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिली, इतकंच सांगते. मग तिने ट्रंक उघडली, दसऱ्याच्या घड्यांतून नेमकी त्या पुस्तकाची घडी काढली आणि कव्हर चढवलं. आईने दाराच्या आतल्या यादीवर खूण केली. पुढे आई निवृत्त होईपर्यंत अकरावी तिच्याकडेच राहिली, आणि पुस्तक संपलं की आत्या ट्रंकेतून त्याचं कव्हर काढायची, हाही घरचा रिवाज झाला. आत्या गेल्यावर ती ट्रंक आईकडे आली आणि आईनंतर माझ्याकडे.

तर मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तुमच्या पणजीचं कपाट माझ्या मागे आहे तेच. ते जाड पुस्तक मधल्या फळीवर आहे, आत्याचं कव्हर त्यावर अजून आहे, फक्त पाठीवर थोडं विटलं आहे. आईच्या शेवटच्या यादीतली बाकीची मी एकेक करून वाचत आले. काही अजून उघडी आहेत. त्यांची आत्याच्या ट्रंकेतली कव्हरं, मापाने कापलेली, घड्या घातलेली, आता कपाटाच्या खालच्या खणात सुरीशेजारी ठेवली आहेत.